शिंग टिकलं, सरस सुटला

मी स्वतः केलेल्या पहिल्या धनुष्याचं शिंग कुठेही तडकलं नाही. हे आधीच सांगतो, कारण घरी येणारा प्रत्येक जण भिंतीवरचं ते कलेवर बघून पहिलं हेच विचारतो, "शिंग मोडलं का हो?" शिंगाला काही झालेलं नाही. सरस, म्हणजे सुतारांचा जुना गोंद, सुटला, बांबूची एक चीर उठली, माझा अंगठा सोलला आणि घरात चार दिवस अबोला राहिला. शिंग जसंच्या तसं आहे. फडका मारला तर त्यात चेहरा दिसतो.

मी आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायचो. निवृत्त झालो तेव्हा घरात दोन खोल्यांइतकी हत्यारं आणि मुलाचं एक जुनं फायबरचं धनुष्य, एवढी इस्टेट जमली होती. मुलगा शाळेत असताना तिरंदाजीला जायचा. त्याचं धनुष्य दुरुस्त करता करता मला प्रश्न पडला, की फायबर नव्हतं तेव्हा लोक काय लावत असतील? वाचत गेलो आणि 'शार्ङ्ग' या शब्दापाशी थबकलो. शृंग म्हणजे शिंग, त्याचं केलेलं ते शार्ङ्ग. विष्णूचं धनुष्य. शारंगपाणी, शारंगधर ही नावं जन्मभर ऐकली, पण त्यात शिंग आहे हे कधी डोक्यात आलं नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात धनुष्यांचे चार प्रकार मोजलेत, ते कशाचं केलं यावरून: ताडाचं, वेळूचं, लाकडाचं आणि शिंगाचं. म्हणजे ही काही फक्त तुर्कांची किंवा मंगोलांची मिरास नव्हे.

सगळं धनुष्य शिंगाचं नसतं. धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दाबली जाते. पहिलीला पाठ म्हणू, दुसरीला पोट. पाठीवर जनावराच्या पायाच्या नसा, म्हणजे स्नायुबंध, कुटून, धागे काढून, सरसात भिजवून चिकटवतात. त्या ताण सोसतात. पोटावर शिंगाची पट्टी. ती दाब सोसते. मधे बांबू किंवा लाकूड, पण ते बिचारं दोघांना एकमेकांपासून अंतरावर ठेवायलाच असतं. लाकूड लांबीच्या एक टक्क्याच्या आसपास दबलं की आतून त्याच्या शिरा चेमटायला लागतात, आणि एकदा चेमटल्या की गेलं. शिंग तीन-चार टक्के दबून परत जागेवर येतं. म्हणून तर शिंगाचं धनुष्य घोड्यावर बसून वापरण्याइतकं आखूड करता येतं.

आता शिंग आणायचं कुठून? इथे मात्र नागपूरकर म्हणून मी नशीबवान निघालो. मुऱ्हा म्हशीचं शिंग जिलेबीसारखं वळलेलं असतं, त्यातून वीतभर सरळ पट्टी निघत नाही. आपल्या नागपुरी म्हशीचं शिंग लांब, चपटं, तलवारीसारखं मागे खांद्यापर्यंत गेलेलं. जगभरचे धनुष्य करणारे पाणम्हशीच्या लांब शिंगासाठी जीव टाकतात आणि इथे ती रस्त्यात आडवी बसून रवंथ करत असते. भिवापूरकडच्या एका ओळखीच्या गवळ्याला सांगून ठेवलं होतं. त्याची म्हातारी म्हैस गेली तेव्हा फोन आला, "गुरुजी, शिंगं ठेवून राहिलो तुमच्यासाठी. पण करता काय त्याचं?" सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बरं, गूळ घेऊन या मग."

एकाच जनावराची जोडी हवी, हे महत्त्वाचं. धनुष्याचा वरचा आणि खालचा, दोन्ही अर्धे सारखे दबले पाहिजेत.

शिंग म्हणजे टोपी असते. आत हाडाचा खुंट असतो आणि त्यावर ती चढलेली. पाण्यात तीन आठवडे ठेवलं की टोपी सुटते. त्या तीन आठवड्यांबद्दल मी फार लिहीत नाही. बादली गच्चीवर होती, वारा पश्चिमेचा होता, आणि आमच्या पूर्वेला राहणाऱ्यांशी आमचे संबंध आता सुधारले आहेत.

पोळ्याच्या आधी बैलांची शिंगं साळून देणारे एक काकाजी आमच्या सासुरवाडीला आहेत. त्यांना शिंग दाखवलं. त्यांनी हातात फिरवलं, बुडाकडची धार नखाने उचकटली आणि म्हणाले, "हे पहा, याला पानं असतात. शेंड्याकडून बुडाकडे साळायचं. उलटं गेलात तर पानं उठतील." झालं होतं असं, की मी आदल्या दिवशीच एका तुकड्यावर उलटा रंधा मारून पापुद्रे काढले होते आणि शिंग खराब निघालं म्हणून गवळ्याला मनात बोल लावला होता. फुटाण्याच्या कागदी पुड्या एकात एक घातल्या तर जसं दिसेल तसं शिंग वाढतं. सगळ्यांत बाहेरची पुडी सगळ्यांत जुनी. तिची खालची कड वरच्या बाजूला राहते. बुडाकडून पातं लावलं की ते बरोबर त्या कडेत शिरतं. ४० वर्षं मुलांना लाकडाचा कल बघून रंधा मारायला शिकवला आणि शिंगाला कल असेल असं मनातही आलं नाही.

बाहेरच्या वळणावरून हॅकसॉने पट्टी काढली. ४८ सेंटिमीटर लांब, साडेतीन रुंद. उकळत्या पाण्यात पाऊण तास ठेवली की शिंग ओल्या चामड्यासारखं वाकतं. दोन सागवानी फळ्यांत दाबून क्लॅम्प लावले, रात्रभर ठेवलं, सकाळी फूटपट्टीसारखी सरळ. तिथे मला शिंगाबद्दल पहिल्यांदा आदर वाटला. तीच पट्टी थंड झाल्यावर हातोडी मारली तर हातोडी उसळते.

सांबराच्या शिंगाचं मात्र वेगळं प्रकरण आहे, आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. मराठीत दोघांनाही आपण शिंगच म्हणतो. म्हशीचं शिंग म्हणजे आपली नखं आणि केस ज्याचे, त्याच केराटिनचं. ते जन्मभर वाढतं, गळत नाही. हरणाचं, सांबराचं शिंग म्हणजे अस्सल हाड. दरवर्षी गळतं, दरवर्षी नवं येतं. लहानपणी आमच्याकडे सहाणेजवळ सांबरशिंगाचा अंगठ्याएवढा तुकडा असायचा. छातीत कफ झाला की आजी तो उगाळून लेप लावायची. वर्षानुवर्षं उगाळूनही तो तुकडा संपेना. तेव्हापासून टिकाऊ म्हणजे सांबरशिंग हे डोक्यात पक्कं होतं. धनुष्याला तेच लावलं तर पिढ्यान्‌पिढ्या टिकेल, असा माझा साधा हिशोब.

हिशोब दोन जागी चुकला. एक म्हणजे कायदा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गळून पडलेलं शिंगसुद्धा उचलता येत नाही, ते सरकारचं. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सुऱ्यांना एकेकाळी आपल्याकडच्या सांबरशिंगाच्या मुठी असायच्या. तो व्यापार बंद झाला तो झालाच. उमरेड-कऱ्हांडल्याला गेलो होतो तेव्हा वाटेच्या कडेला, सागाच्या पाचोळ्यात एक पडलेलं दिसलं. गाइड मुलगा म्हणाला, "फोटो काढा काकाजी, हात नका लावू." दुर्बिणीतून बघितलं तर फांदीच्या टोकाला बारीक बारीक समांतर खाचा. साळिंदराचे दात. चुन्यासाठी साळिंदर ती कुरतडून खातं. आजीच्या सहाणेवर न संपणारं शिंग जंगलात असं संपतं.

दुसरी चूक समजुतीची. कठीण आणि टिकाऊ हे एकच असं मी धरून चाललो होतो. सांबरशिंग हाड असलं तरी साध्या हाडापेक्षा चिवट असतं. त्यात चुन्याचा भाग जरा कमी, म्हणून दोन नर टकरा घेतात तेव्हा ते सहसा मोडत नाही. पण ते ताठ आहे. म्हशीच्या शिंगासारखं दबून उसळायचं त्याच्या स्वभावात नाही, आणि मधला भाग तर स्पंजासारखा भोकाभोकांचा. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांनी कॅरिबू नावाच्या हरणाच्या शिंगाची धनुष्यं केली, पण त्यांच्याकडे झाडंच नव्हती. तेही तीन तुकडे जोडून, आणि पाठीवर स्नायूंच्या वेणीची दोरी घट्ट आवळून, म्हणजे वाकण्याचं बरंचसं ओझं दोरीवर. ज्यांच्याकडे निवड होती त्यांनी हाड आणि सांबरशिंगासारखं कठीण सामान धनुष्याच्या टोकांना लावलं. टोक म्हणजे कोटी. रामेश्वराजवळच्या धनुष्कोडीच्या नावात तीच आहे. हुणांच्या आणि रोमन सैन्यातल्या धनुष्यांच्या टोकांना अशा पट्ट्या असायच्या. तिथे वाकायचं नसतं. तिथे प्रत्यंचेचा फास रोज घासतो आणि मऊ लाकडात खोबण पाडतो. मी सांबरशिंगाऐवजी म्हशीच्या नळीच्या हाडाच्या पट्ट्या लावल्या, चार. त्या आजही तशाच आहेत.

नसांचं काम मात्र घरात करण्यासारखं नाही. खाटकाकडून म्हशीच्या मागच्या पायांच्या नसा आणल्या, ३० एक. वाळल्या की त्या पिवळ्या काचेसारख्या होतात. मोगरीने कुटायच्या, मग त्यातून पांढरे धागे सुटतात, अगदी अंबाडीसारखे. आमचं घर शाकाहारी. "अहो, हे माझ्या ओट्यावर नको," एवढंच हिने सांगितलं होतं. पावसाची सर आली म्हणून मी फक्त पाच मिनिटं परात ओट्यावर टेकवली. अबोला तो तिथला.

सरस इतवारीतून आणला. फेव्हिकॉल येण्याआधी सगळे सुतार तोच वापरायचे, मीही उमेदवारीत वापरलेला. रात्री भिजवायचा, सकाळी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवायचा, उकळी येऊ द्यायची नाही. उकळला की त्याचा जीव जातो. एवढं मला येत होतं, म्हणून तिथे मी जरा गुर्मीत होतो.

जानेवारीत शिंग चिकटलं, फेब्रुवारीत नसांचे दोन थर चढले. जुने कारागीर एकेका थरानंतर महिने थांबायचे. पूर्ण धनुष्य व्हायला वर्ष लागायचं, जास्तही. मी थांबलो पाच आठवडे. एप्रिलमध्ये प्रत्यंचा चढवली. सामान तोलायच्या हुकाच्या काट्यावर २६ इंच ओढीला ४४ पौंड. मुलगा पुण्याहून आला होता, त्याने पहिला बाण सोडला. बाणापेक्षा मला धनुष्याचा आवाज आठवतो. फायबरचं धनुष्य बाण सुटल्यावर झणझणतं, हे नुसतं 'ठप्‌' करून गप्प झालं.

मला भीती होती पावसाळ्याची. सरस आणि नसा दोन्ही हवेतला ओलावा पितात, हे वाचलेलं. कोरियात अशी धनुष्यं शिंग, बांबू आणि माशाच्या सरसाचीच असतात आणि ती उबदार पेटीत ठेवतात. आपल्याकडे पोलादाची धनुष्यंही निघाली. मारायला ती शिंगाच्या धनुष्याइतकी चांगली नाहीत, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षं टांगलेली ठेवली तरी हवेने बिघडत नाहीत. तेव्हा जून ते सप्टेंबरसाठी मी आधीच कपाट तयार केलं होतं, तळाशी बल्ब, वर जाळी. मे महिन्याची काळजी कशाला? मे महिन्यात नागपुरात पापड पंधरा मिनिटांत वाळतात.

तर मे महिन्यात धनुष्य हॉलमध्ये, भिंतीवर. समोर कूलर.

हे लिहितानाही मला हसू येतं आणि रागही. बाहेर ४५ अंश, हवा कोरडी ठाक. आत दिवसरात्र कूलरचा ओला झोत, वाळ्याच्या ताट्यांतून, थेट भिंतीवर. कोकणातल्या जुलैत धनुष्य टांगलं असतं तरी वेगळं काय झालं असतं? तीन आठवड्यांनी पाहुण्यांना दाखवायला मी ते खाली काढलं. हाताला जरा चिकट लागलं. पॉलिश ओलं वाटतंय म्हटलं. प्रत्यंचा चढवताना काट्यावर ४४ चे ३५ भरले असते, एवढं ते मऊ झालं होतं, पण बघतो कोण? पाहुणे समोर उभे. अर्धी ओढ घेतली आणि 'टक्‌' असा आवाज आला, सुपारी फुटल्यासारखा. धनुष्याच्या वरच्या अर्ध्याचं शिंग बांबूपासून एक वीत सुटून बाहेर आलं. धनुष्य उलटं वळलं, प्रत्यंचा अंगठ्यावरून सालपट काढून गेली. पाहुणे म्हणाले, "चांगलं आहे हो, पण शिंग तुटलं वाटतं."

तुटलं नव्हतं. तेच तर. रात्री दिव्याखाली धरून पाहिलं. शिंगाची आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत, सरसाचा कणही तिच्यावर नाही. सगळा सरस बांबूवर राहिलेला. म्हणजे कूलरने शेवटचा धक्का दिला, पण सांधा शिंगावर कधी नीट बसलाच नव्हता. शिंगाला तेल असतं. मी पॉलिश पेपर मारून ते आणखी गुळगुळीत केलं होतं आणि वर हाताने चोळून बघितलं होतं, किती छान झालंय म्हणून. लाकूड सरस पितं, शिंग पीत नाही. लाकडाची सवय झालेल्या हाताने शिंग चिकटवलं, ते सुटलं.

जुने तुर्की कारागीर शिंगाला आणि लाकडाला लांबीभर बारीक खोबणी पाडत, एकाची दुसऱ्यात अडकणारी. त्यासाठी दातेरी हत्यार असे. हे मी वाचलं होतं आणि नक्षीकाम समजून सोडून दिलं होतं. खोबणीने सरसाला जास्त जागा मिळते आणि पट्टी आडवी सरकत नाही. दुसऱ्या वेळी हॅकसॉच्या पात्यांचे सहा तुकडे एकत्र बांधून मी ते हत्यार केलं. शिंगावर ओढलं, बांबूवर ओढलं, एकमेकांवर ठेवलं तर ती फणीत फणी बसावी तशी बसली. धुण्याच्या सोड्याने शिंग धुतलं, त्यानंतर बोट लावलं नाही. पातळ सरसाचे सात हात दिले, प्रत्येक हात वाळवून. मग दाट सरस, मग कासऱ्याने गुंडाळून काठीने पीळ देत देत आवळलं. दोन्ही कडांनी सरसाचे मणी बाहेर आले, सारख्या अंतरावर. विद्यार्थ्याने असा सांधा दाखवला असता तर मी पैकीच्या पैकी दिले असते.

शिंगाच्या पट्ट्या मात्र त्याच, पहिल्या धनुष्यावरच्याच काढून लावणार होतो. पण ही म्हणाली, ते राहू द्या भिंतीवर, पाहुण्यांना दाखवायला. (अबोला संपल्यानंतरचं हे बोलणं आहे.) मग गवळ्याकडून दुसरी जोडी.

प्रत्यंचा चढवण्याआधी हे धनुष्य मी ११ महिने राखलं. नसांवर पातळ चामडं, त्यावर लाखेचं पॉलिश. काट्यावरची नोंद भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये करत गेलो: मार्चमध्ये ४६, ऑगस्टमध्ये कपाटाबाहेर आठ दिवस ठेवल्यावर ३९, कपाटात परत नेल्यावर दिवाळीपर्यंत ४५. पाऊस त्याला मऊ करतो, मोडत नाही. उन्हाळा उलट. कोरड्या हवेत नसा आकसतात, धनुष्य जोरकस होतं आणि छान वाटतं. पण शिंगाच्या कडेला केसाएवढी रेघ दिसली की समजावं, फार सुकलं. मग दोन दिवस घडवंचीखाली, जाड सुती कापडात, माठाच्या जवळ. कूलरच्या समोर नाही. डांबराच्या गोळ्या बारा महिने, कारण नसा आणि शिंग दोन्ही किड्यांचं अन्न आहे. लोकरीच्या स्वेटरला भोक पाडणारी कसर शिंगालाही सोडत नाही. दर रविवारी ६० बाण, असं आता तिसरं वर्ष. शिंगावर एक ओरखडा आहे, तो माझ्या कानसेचा.

शिंगाचा भुसा आणि तुकडे वाया घालवायचे नाहीत म्हणून मी ते दोन्ही वेळी हिच्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकले होते. शिंगात नत्र भरपूर, चांगलं खत. नळीच्या हाडाच्या कापट्याही त्यातच गेल्या. मागच्या महिन्यात हिने कुंडी बदलली. माती पेपरवर पसरली तर शिंगाचं नावनिशाण नाही. जाड तुकडेसुद्धा एवढ्या पावसाळ्यांत काळे, भुसभुशीत, बोटाने चुरडतील असे झालेले. हाडाच्या कापट्या मात्र पांढऱ्याशुभ्र, कडा अजून धारदार. वेल्समध्ये कारलीऑन इथल्या रोमन छावणीत उकरल्यावर धनुष्याच्या टोकांच्या अशाच पट्ट्या हाती लागल्या. ज्याने बाण मारला ते शिंग, त्या नसा, तो सरस, सगळं मातीने खाल्लेलं. मी ते हिला सांगायला लागलो, तर ही एक कापटी उचलून माझ्यापुढे धरत म्हणाली, "तुमचं हे हाड माझ्या हाताला लागलं. उद्यापासून वेगळ्या डब्यात."